देवरेसाहेबांचे कोरे पाणी

देवरेसाहेबांनी पहिल्या भेटीत माझे नाव विचारले नाही. केसांतला मोगरा काढायला सांगितला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या मुलीला नाशकात नोकरी मिळून मिळणार कुठली? टंकलेखन येत होते, म्हणून अंबडच्या वाटेवरच्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अहवाल टंकित करण्याचे काम मिळाले. एप्रिलची सकाळ होती. जिना चढून वर गेले, तर एक उंच, काटकुळा माणूस दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभा. केस तेलावाचून बाजरीच्या खुंटांसारखे राठ, सदरा पांढरा पण साबणाचा मागमूस नसलेला. त्याने नाक किंचित वर केले.

“बाई, तो गजरा बाहेर कठड्यावर ठेवा. आत आणलात तर माझ्या कागदावर फुलेल.”

कवितांवर वाढलेल्या मला ते वाक्य फार आवडले. नोकरीच्या पहिल्याच दिवशी कवी भेटला, असे वाटले. अर्ध्या तासाने कळले की तो माणूस अक्षरशः खरे बोलत होता. त्याने मला आतल्या खोलीत नेऊन यंत्र दाखवले. लिटरभर पाण्यात थोडा द्रावक घालायचा आणि पेरूच्या आकाराच्या काचेच्या नरसाळ्यात ते दोन्ही घुसळायचे. पाण्यात लपलेले तेलकट, विषारी, कारखान्यांतून सुटलेले जे काही असेल, ते पाणी सोडून द्रावकात जाऊन बसते. मग थर वेगळे होतात. वरच्या थरातला थेंबाचाही अंश सुईने यंत्रात सोडायचा. आत भट्टीच्या उबेत वेटोळे करून बसलेली एक लांबच लांब नळी असते. तिच्यातून प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळी बाहेर पडतो, आणि तो बाहेर पडला की सरकत्या कागदावरचा पेन उठतो, टेकडी काढतो आणि पुन्हा खाली येतो.

“पेन उठला की समजायचं, कुणीतरी आलं,” साहेब म्हणाले. “कोण आलं ते हे यंत्र सांगत नाही. कधी आलं तेवढं सांगतं. नाव आपण ओळखायचं.”

आणि खोलीत मोगरा असला, तर मोगऱ्याचीही टेकडी येई. म्हणून ते तेल लावत नसत, कपडे नुसत्या पाण्यात खळबळत. बागलाणात सटाण्याजवळच्या गावात जन्मलेला, कांद्याच्या चाळीत खेळून वाढलेला हा माणूस तपासणीच्या दिवसांत कच्चा कांदा तोंडात घालत नसे. दसऱ्याला यंत्राची पूजा व्हायची ती हळदीकुंकवाची आणि अक्षतांची. उदबत्ती पेटवायची ती खाली, रस्त्यावर उभे राहून. “देवाला नाक आहे की नाही मला ठाऊक नाही,” ते म्हणत, “पण ह्याला आहे.”

मी पहिला अहवाल टंकित केला, तेव्हा एका रकान्यात ‘नाही’ असे लिहिले होते. तो कागद हातात धरून ते माझ्या टेबलाशी आले. रागावले नाहीत, पण आवाज खाली गेला, आणि तो खाली जाणे हेच त्यांचे रागावणे होते.

“बाई, ‘नाही’ म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? ‘आढळले नाही’ लिहा. आपल्याला दिसलं नाही, एवढंच आपण सांगू शकतो.”

त्यानंतरच्या वर्षांत मी ते दोन शब्द किती वेळा टंकित केले असतील! बोटांना ते मंत्रासारखे पाठ झाले होते. कुठली विहीर, कुठले बोअर, कुणाचे घर, हे न पाहताही बोटे ते लिहीत.

पाणी तपासायचे, तर ताडून पाहायला आधी एक निखळ पाणी लागते, ज्यात काही म्हणजे काही नाही असे. त्या पाण्यालाही सगळ्या प्रक्रियेतून न्यायचे, त्याच्या कागदावर जे उमटेल ते आपल्याच भांड्यांचे, द्रावकाचे, हवेचे समजायचे आणि नमुन्यातून वजा करायचे. साहेब त्याला ‘कोरं पाणी’ म्हणत. प्रयोगशाळेतले ऊर्ध्वपातित पाणी त्यांना पसंत नव्हते. त्या उपकरणाची नळी प्लॅस्टिकची होती आणि प्लॅस्टिक पाण्याला काही ना काही देतेच. तेव्हा पहिल्याच वर्षी त्यांनी आसपासचे बारा-पंधरा झरे आणि विहिरी तपासून एक विहीर निवडली होती. ती होती हौसाबाईंच्या मळ्यात. औद्योगिक वसाहतीच्या कुंपणापासून दोन शेते अलीकडे हा मळा होता, आणि साहेब त्याच मळ्यातल्या दोन खोल्यांत भाड्याने राहत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही.

दर सोमवारी तपकिरी काचेच्या चार बाटल्या पिशवीत घालून ते येत. बाटली विहिरीच्या पाण्याखाली बुडवूनच भरायची आणि बुडवूनच झाकण लावायचे. मग उलटी करून उजेडात पाहायची. आत बुडबुडा दिसला की ओतून पुन्हा भरायची. “बुडबुडा म्हणजे उघडी खिडकी,” ते सांगत. “त्यातनं आतलं उडून जातं आणि आपण म्हणतो, पाणी स्वच्छ.”

त्या मळ्यात मी अनेकदा गेले. गुलाबाचे वाफे, झेंडूच्या ओळी, कडेला मेथी आणि कोथिंबीर. पहाटे जुड्या बांधून बाजारात न्यायच्या, म्हणून अंगणात कायम ओल्या सुतळीचा आणि चिरडलेल्या पानांचा वास. वारा पश्चिमेकडून आला, की त्यात तापल्या लोखंडाचा, ग्रीसचा एक जाडसर पदर मिसळे. विहीर काळ्या दगडात बांधलेली होती. वाकून पाहिले, तर खाली आपला चेहरा आणि त्याच्यामागे आभाळाचे नाणे. पाणी इतके गार की दातांना कळ लागे.

हौसाबाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, हात मातीने कायमचे रेखलेले. घरात त्या, त्यांचा मुलगा, आणि पुढे सून रेखा. महापालिकेची पाइपलाइन रस्त्यापर्यंत आली, तेव्हा मी तिथेच होते.

“सायेब,” हौसाबाईंनी विचारले, “नळ घेऊ का? पोरगं लय मागं लागलंय. समद्यांनी घेतला म्हनं.”

साहेब ओट्यावर बसून तांब्यातले पाणी पीत होते. “हौसाबाई, अहो गावानं तुमच्या विहिरीवर यावं असं पाणी आहे हे. तुम्ही कशाला नळाच्या रांगेत जाता?”

“बगा हां. तुमच्या भरवशावर हाय मी.”

“माझ्या कशाला? यंत्राच्या भरवशावर राहा.”

“यंत्राला मी कुटं वळखते? मी तुमाला वळखते,” असे म्हणून त्यांनी मुलाला हाक मारली आणि नळवाल्याला परत पाठवायला सांगितले. साहेबांचा चेहरा त्या दिवशी किती उजळला होता, ते मला आजही दिसते. म्हणूनच ती आठवण मला नकोशी वाटते.

त्यांच्या कागदांवर सातव्या मिनिटाला एक टेकडी नेहमी असे. कुठलेही पाणी असो, कोऱ्या पाण्यातही ती यायचीच. मी एकदा विचारले, तर म्हणाले, “हा आपला घरजावई. बोलावला नाही, जायचा नाही. आपल्याच घरचा आहे, वजा करायचा आणि पुढं जायचं.” सुरुवातीच्या वर्षी त्यांनी पाणी न घालता नुसता द्रावक यंत्रात सोडून पाहिला होता, आणि तेव्हाही सातव्या मिनिटाला पेन उठला होता, दोष निघाला यंत्राच्या तोंडावरच्या रबरी चकतीचा. चकती बदलली. टेकडी लहान झाली, पण गेली नाही. थोडे रबर राहिलेच असेल, असे म्हणून त्यांनी तो प्रश्न मिटवला. इतका काटेकोर माणूस. त्याने तेवढा एक प्रश्न पुन्हा उघडला नाही.

पुढे पुढे ती टेकडी मोठी होत गेली. मी कविता वाचणारी बाई, मला रसायन कळत नव्हते. पण आकार कळत होता. “साहेब, तुमचा घरजावई जाडा झाला,” मी म्हटले. ते खळखळून हसले. “सासरी राहतो ना! अंगानं भरणारच.”

आम्ही दोघे हसलो होतो. त्या हसण्याचा आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

दोन हजार सालानंतर नवे यंत्र आले आणि त्याच्याबरोबर शुभांगी आली. ओझरच्या विमान कारखान्यातल्या फिटरची मुलगी, एम. एस्सी., चटपटीत, बोलायला तिखट. हे यंत्र नुसती वेळ सांगून थांबत नव्हते. बाहेर पडणाऱ्या पदार्थाचे तुकडे करून, त्या तुकड्यांवरून त्याचे नाव सांगत होते. सोबत पाणी गाळण्याचे नवे उपकरणही होते. शुभांगी म्हणाली, “सर, आता विहिरीवर जायला नको. हे पाणी जगातलं सगळ्यात कोरं.”

“जग पाहिलंय का तुझ्या उपकरणानं?” साहेब म्हणाले. “माझ्या विहिरीपुढं टिकलं तर मानीन.”

“लावा पैज!”

“लावली. हरेल त्यानं सगळ्यांना मिसळ.”

दुपारी दोन्ही पाणी यंत्रात गेले. आधी शुभांगीचे. पडद्यावरची रेघ जमिनीसारखी सपाट धावत राहिली. सातवे मिनिट आले आणि गेले, काही उठले नाही. साहेब पुढे झुकले. घरजावई नव्हता. मग विहिरीचे पाणी. सातव्या मिनिटाला रेघ सुळक्यासारखी सरळ वर चढली. यंत्राने थोडा वेळ घेतला आणि नाव लिहिले: ट्रायक्लोरोएथिलीन.

“हाई काय शे?” साहेब पुटपुटले. त्यांची अहिराणी मी पहिल्यांदाच ऐकली. नाव त्यांना ठाऊक होते. तो प्रश्न नावाबद्दलचा नव्हता. सुट्या भागांवरचे ग्रीस धुऊन काढायला कारखान्यांत वापरतात, तो द्रव. जमिनीवर सांडला की हळूहळू खाली उतरतो, खडकाच्या फटींतून विहिरींपर्यंत जातो आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतो.

“सर, बाटलीत काही गेलं असेल,” शुभांगी म्हणाली. तिच्या आवाजातली पैज केव्हाच विरली होती.

सुई बदलली, भांडी पुन्हा धुतली. साहेब स्वतः जाऊन नवी बाटली घेऊन आले. तिसऱ्यांदाही सुळका तसाच आला. मग त्यांनी मला जुन्या कागदांचे गठ्ठे आणायला सांगितले. जमिनीवर ते ओळीने मांडून गुडघ्यांवर बसले आणि पट्टीने दर वर्षीच्या घरजावयाची उंची मोजू लागले. घरात वाढत्या मुलाची उंची दाराच्या चौकटीवर खुणावतात, तशी ती दर वर्षी चढत गेली होती. रबराची टेकडी पहिल्याच वर्षी संपली होती. तिच्या जागेवर, नेमक्या त्याच मिनिटाला, हे दुसरे येऊन बसले होते.

“कळलं का बाई?” मान वर न करता ते म्हणाले. “ज्या पाण्याशी आपण सगळ्यांचं पाणी ताडून पाहिलं, त्यातच ते होतं. दुसऱ्यांच्या विहिरींतही आलं असेल, तर मी ते घरचं म्हणून वजा करत गेलो. आणि तुम्ही लिहीत गेलात.”

मी काय लिहीत गेले, ते त्यांनी सांगितले नाही. माझ्या बोटांना ते पाठ होते.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, “देवरे, उद्यापासून नवं पाणी वापरा. विषय संपला. जुनी मढी कशाला उकरता? लोक घाबरतील, आणि आपल्यावरही येईल.”

“उद्यापासूनचं बरोबर होईल साहेब. पण आजवर पोटात गेलंय त्याचं काय करू?”

“तुमच्या निवृत्तीला किती महिने राहिलेत? तेवढे नीट काढा.”

साहेब उठले आणि मला म्हणाले, “बाई, चला माझ्याबरोबर. एकट्यानं बोलवणार नाही मला.”

उन्हे कलली होती. मळ्यात हौसाबाई झेंडूच्या माळा ओवत बसल्या होत्या. रेखाला पाचवा महिना होता. तिने आम्हाला पाहून नेहमीप्रमाणे पितळी पेले भरून आणले. साहेबांनी पेला हातात घेतला. वर्षानुवर्षे त्या ओट्यावर बसून त्यांनी तो एका दमात रिकामा केला होता. त्या दिवशी त्यांनी तो तसाच खाली ठेवला. पितळेचा फरशीवर अगदी हलका आवाज झाला. हौसाबाईंच्या हातातली सुई थांबली. त्यांनी पेल्याकडे पाहिले, मग साहेबांकडे.

“काय झालंय पान्याला?”

साहेबांनी सांगितले. एकही अवघड शब्द न वापरता, काही न लपवता. शेवटी म्हणाले, “मन्ही चूक शे, माय. यंत्राची नाही, विहिरीची नाही. माझी.”

“किती वर्सं?”

“नक्की नाही सांगता येत. दहा तरी.”

“आन हिच्या पोटातलं?” हौसाबाईंनी रेखाकडे बोट दाखवले. रेखा दाराला टेकून उभी होती, एक हात पोटावर. “त्याला काय झालंय का?”

“तेही सांगता येत नाही. डॉक्टरांना दाखवू. मी येतो.”

“तुमी कशाला येता?” हौसाबाई ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. “नळवाला दारात आला व्हता सायेब. तुमी म्हनला म्हनून मी त्याला माघारी धाडला. माझ्या हातानं.” त्यांनी दोन्ही पेले उचलले आणि पाणी झेंडूच्या मुळाशी ओतले. मग त्यांनाच काहीतरी उमजले असावे. ओल्या मातीकडे, फुलांकडे, कडेच्या मेथीकडे पाहत त्या तशाच उभ्या राहिल्या.

नळ मिळायला चार महिने लागले. ते चार महिने देवरेसाहेब रोज सकाळी स्कूटरला दोन कॅन बांधून प्रयोगशाळेजवळच्या नळाचे पाणी आणत आणि हौसाबाईंच्या ओट्यावर ठेवत. हौसाबाई त्यांच्याशी बोलत नसत. खोल्या सोडा, असेही म्हणाल्या नाहीत. कॅन भरलेले ठेवायचे, रिकामे उचलायचे, एवढाच त्या घराशी त्यांचा व्यवहार उरला होता. ज्यांच्या ज्यांच्या विहिरींतून तो सुळका वजा झाला असेल, त्या सगळ्यांना त्यांनी स्वतःच्या नावाने पत्रे लिहिली. मी ती घरी बसून टंकित केली. प्रमुखांना कळले, तेव्हा पत्रे पोचली होती. काहींनी विहिरी बंद केल्या, काहींनी पत्रच मानले नाही. द्रव कुठल्या कारखान्यातून, कुणाच्या पिंपातून झिरपला, ते शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही.

रेखाला मुलगी झाली. हातपाय धड, रडणे खणखणीत. साहेबांना ती दाखवली गेली नाही. मी जाऊन पाहून आले आणि सांगितले. “बोटं मोजली?” त्यांनी विचारले. मी म्हटले, मोजली. ते म्हणाले, “बोटांत दिसेलच असं नाही.” त्याच महिन्यात ते निवृत्त झाले आणि सटाण्याकडच्या गावी भावाकडे राहायला गेले.

चार-पाच वर्षांनी ते आजारी असल्याचे कळले, तेव्हा शुभांगी आणि मी त्यांना भेटायला गेलो. खाटेवरचा माणूस देवरेसाहेब आहे हे डोळे मानेनात. अंग पिवळे पडले होते, बुबुळांभोवतीचे पांढरे पार हळदीचे झाले होते. यकृत गेले होते. शुभांगीला राहवले नाही.

“सर, त्याच पाण्यानं ना?”

त्यांनी तिच्याकडे पाहिले. जुना, तपासणारा डोळा. “शुभांगी, मी एकच नमुना आहे. एका नमुन्यावरनं निष्कर्ष काढतेस? हेच शिकवलं का मी?” मग दम खाऊन म्हणाले, “यकृत बिघडायला शंभर कारणं असतात. माझं कुठलं, ते आता नाही कळायचं.” ते खोटा धीर देत नव्हते. स्वतःच्या मरणाबद्दलही, जेवढे ठाऊक होते त्यापलीकडे एक शब्द बोलायला ते तयार नव्हते. आम्ही निघताना त्यांनी मला जवळ बोलावले. “हौसाबाईंना माझं काय झालं ते सांगा. लपवू नका. त्यांना ठाऊक असलं पाहिजे.”

महिनाभरात ते गेले. दिवस झाल्यावर मी मळ्यात गेले. हौसाबाई थकल्या होत्या, पण हात अजून माळा ओवत होते. साहेब गेले हे ऐकून त्यांनी सुई खाली ठेवली. पदर डोळ्यांना लावला नाही.

“कशानं?”

“यकृतानं. कावीळ झाली होती, वाढत गेली.”

“ह्याच पान्यानं?”

“सांगता येत नाही. ते स्वतःच म्हणाले, सांगता येत नाही.”

“तुमा लोकांना कदीच काय सांगता येत नाय का गं?” त्या म्हणाल्या. त्यात चीड नव्हती. खरोखरचा प्रश्न होता.

अंगणात त्यांची नात फुलांच्या टोपलीशी खेळत होती. पाच वर्षांची, काळीसावळी, डोळे आईचे. हौसाबाईंनी तिला हाक मारली, गुडघ्यांत घट्ट धरली, हनुवटी वर करून तोंड उन्हाकडे वळवले आणि मातीने रेखलेल्या अंगठ्याने तिची खालची पापणी ओढून पाहिली. आधी एक डोळा. मग दुसरा.

“आज्जे, सोड ना! दुखतंय.”

“थांब गं, बघू दे,” हौसाबाई म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, “तुमी पन बघा. मला नीट दिसत नाय. पिवळं हाय का?”

मी वाकले. पोरीच्या डोळ्यांत ऊन भरले होते. पांढऱ्यावर झेंडूचा रंग पडला होता की ते तसेच होते, मला ठरवता येईना. मी पुन्हा पाहिले.